चौकोनांतला दादरा आणि हलगीची काठी

प्रश्न (जुळे सोलापूर): सॉफ्टवेअर स्टेप सीक्वेन्सरमध्ये (चौकोनांत आघात भरून ताल वाजवणाऱ्या साधनात) दादरा बसवला, की दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकते. काय करावे?

सोळा चौकोनांची पट्टी चार ठोक्यांसाठी, प्रत्येक ठोक्याचे चार भाग धरून आखलेली असते. दादरा मात्र सहा मात्रांचा. मात्रेला दोन चौकोन दिले, तर एका आवर्तनाला बारा चौकोन लागतात आणि उरलेले चार सम पुढे ढकलतात. म्हणून पॅटर्नची लांबी आधी बारा करावी. ‘धा धी ना, धा ती ना’ हे बोल १, ३, ५, ७, ९ आणि ११ या चौकोनांवर येतील. डग्ग्याचा घुमारा धा आणि धी यांनाच असल्याने किक (ड्रमचा खर्जातला आघात) १, ३ आणि ७ वरच ठेवावी. सॉफ्टवेअर चार चौकोनांचा एक ठोका मोजते, त्यामुळे मिनिटाला १२० मात्रा हव्या असल्यास टेम्पो ६० बीपीएम (मिनिटाला ठोके) लावावा.

प्रश्न (बाळे): सिद्धेश्वर यात्रेत ध्वनिमुद्रित केलेली हलगी चौकोनांत भरली, पण ती निर्जीव वाटते.

हलगीच्या दोन काठ्या सारख्या नसतात. एक आखूड आणि जाड, दुसरी लांब आणि बारीक. आपण बहुधा एकच आघात सगळीकडे भरला आहे. दोन्ही काठ्यांचे आघात वेगळे कापून दोन ओळींवर ठेवावेत, आणि जाड काठीची व्हेलॉसिटी (आघाताचा जोर) १२७ पैकी ११० च्या आसपास, तर बारीक काठीची ४० ते ७० मध्ये कमीजास्त ठेवावी. मग स्विंग, म्हणजे चौकोनांच्या जोडीतला दुसरा किंचित उशिरा वाजवणे. १२० बीपीएमला एक चौकोन १२५ मिलिसेकंदांचा असतो. स्विंग ५० वरून ५८ टक्के केला, की जोडीतला पहिला १४५ आणि दुसरा १०५ मिलिसेकंदांचा होतो. वीस मिलिसेकंदांचा हा उशीर मोजून ऐकू येत नाही, पण पाय ठेका धरू लागतो. (काही सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा शून्यापासून सुरू होतो.) माझ्या मते याहून महत्त्वाचे म्हणजे काही चौकोन रिकामे सोडणे, कारण आघातानंतरची हलगीच्या कातड्याची थरथर ऐकू येण्यासाठी तेवढी जागा लागते.

प्रश्न (होटगी रस्ता): ‘८०८’चा आवाज हवा असेल, तर जुने यंत्रच घ्यावे लागेल का?

नाही. ‘८०८’ म्हणजे रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे १९८० सालचे ड्रमचे आवाज काढणारे यंत्र आहे आणि त्याच्या आवाजांचे नमुने बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. सुरुवातीला ‘हायड्रोजन’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.