फीडर आणला, दुर्बीण आणली, पण मुलगा बघतच नाही

“आम्ही एवढं सगळं आणून दिलं आणि हा ढुंकूनही बघत नाही.” हे वाक्य मला पालकांकडून वरचेवर ऐकू येतं, फक्त वस्तू बदलते. कुणाकडे कीबोर्ड धूळ खात असतो, कुणाकडे बुद्धिबळाचा पट. या घरात पक्षी होते. पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीत टांगलेला दाण्यांचा फीडर, ऑनलाइन मागवलेली दुर्बीण, भिंतीवर पक्ष्यांचा तक्ता. नऊ वर्षांच्या लेकाचा मोबाईल सुटावा म्हणून हा खटाटोप. सुरुवातीचे काही दिवस उत्साह टिकला, मग सगळं थंड. “मॅडम, याला कशातच रस नाही. काही प्रॉब्लेम तर नसेल ना?”

मुलाशी एकट्याने बोलले. रस नव्हता असं मुळीच नाही. “पक्षी आला की आई लगेच विचारते, कुठला आहे? इंग्लिशमध्ये काय म्हणतात? तक्त्यात दाखव. तोवर तो उडून जातो.” शिवाय येत होते ते बहुतेक पारवेच. फीडरमधली बाजरी खाली सांडायची, पारव्यांची झुंबड उडायची, खालच्या काकूंची वाळत घातलेली चादर खराब व्हायची आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायचा. म्हणजे पोराच्या वाट्याला काय, तर तोंडी परीक्षा आणि वर बोलणी. त्याच्या जागी मी असते तर मीही मोबाईलच उचलला असता.

पहिलं काम सांगितलं ते फीडर उतरवायचं. शहरात गॅलरीत दाणे टाकणं म्हणजे पारव्यांना आवतण, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला वाईट. घरात आजींना दमा होता, तेव्हा यात चर्चेला जागाच नव्हती. त्याऐवजी पाणी. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, मधे बसायला एक दगड. रोज सकाळी भांडं घासून पाणी बदलायचं काम मुलाचं, कारण पाणी साचून राहिलं तर डासांच्या अळ्या होतात. हे कारण त्याला फार पटलं. त्यात जरा किळसवाणं काहीतरी होतं ना! कठड्यावर कधी पपईची फोड ठेवायची, तीही त्यानेच. आणि आईबाबांना एकच पथ्य: नाव विचारायचं नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

आईला बुलबुल हवा होता, आला कावळा. कुठून तरी पोळीचा वाळका तुकडा घेऊन आला, भांड्यात बुडवला, जरा थांबला, उलटून पुन्हा बुडवला आणि मऊ झाल्यावर खाल्ला. आईचा चेहरा पडला, सगळं पाणी घाण झालं म्हणून. मुलगा मात्र शाळेची बस चुकेपर्यंत बघत बसला. पुढच्या भेटीत दोन्ही हात वापरून, मान वाकडी करून मला करून दाखवलं. आई म्हणाली, “पण कावळाच?” पितृपक्षात ज्याची आपण मिनतवारी करतो, त्याने एरवी आलं तर काय बिघडलं? मुलाला त्यात डोकं दिसलं होतं, आणि ते खरंच असतं.

पपईवर यथावकाश बुलबुल आलेच. शिंजीर, म्हणजे तो इवलासा सूर्यपक्षी, मात्र भांड्याकडे फिरकला नाही; तो कुंडीतल्या जास्वंदीवर. का, हे मुलाने विचारलं आणि बाबांना येईना. त्यांना ते कमीपणाचं वाटलं. मी त्यांना पक्षितज्ज्ञ सालीम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे मामांनाही सांगता आलं नाही. त्यांनी भाच्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे धाडलं आणि तिथे मुलाला सगळं दालनच उघडलं. “मलाही माहीत नाही, चल शोधू” हे बापाने म्हणायला काहीच हरकत नाही. त्यांनी शोधलं: शिंजीर फुलांतला मधुरस पितो, कोळी-किडे खातो, दाण्यांशी त्याचा संबंध नाही. मग फीडर इतके दिवस कुणासाठी टांगला होता, असं मुलाने विचारलं म्हणे.

“मग मोबाईल सुटला का?” हा प्रश्न मला आईने विचारला, तुम्हीही विचाराल. सकाळचा सुटला. संध्याकाळचा नाही. संध्याकाळी घरातली मोठी माणसंही आपापल्या स्क्रीनमध्ये असतात. त्यावर पुढच्या वेळी बोलायचं ठरलंय, आणि त्या भेटीला बाबांनीही यायचंय.