अल्दाब्राला जायचंय, पण गुडघ्यांचं काय?

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालोय, होटगी रोडला राहतो. दर हिवाळ्यात नान्नजचा माळ आणि उजनीचं बॅकवॉटर, पक्षी टिपायला कॅमेरा गळ्यात, हाच नाद. आता मुलगा मागे लागलाय की बाबा सेशेल्सची एक्स्पिडिशन क्रूझ करा, तिथल्या अल्दाब्रा बेटावरची महाकाय कासवं बघून या. माणशी काही लाख जातायत, हिचे गुडघे दुखतात, हिला बोट लागते, आणि आम्ही पक्के शाकाहारी. जावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: काका, आधी मला सांगा, कासवं बघायचीयत का अल्दाब्रा बघायचंय? नुसती कासवंच बघायची असतील तर एवढे पैसे घालवायचं काही कारण नाही. माहेला, म्हणजे सेशेल्सच्या मुख्य बेटावर, विमानातून उतरा, फेरीने प्रास्लिन बेटावर जा, तिथनं क्युरिअस बेटाची दिवसाची ट्रिप मिळते. अल्दाब्राहून आणून सोडलेलीच कासवं आहेत तिथं, पायवाटेत आडवी बसलेली असतात आणि मानेखाली जरा खाजवलं की मान लांब करून डोळे मिटून घेतात. शेजारी कझिन नावाचं बेट आहे, १९६८ला ते विकत घेऊन राखीव केलं कारण सेशेल्स वॉर्बलर नावाचा चिमुकला पक्षी जवळजवळ संपत आला होता, आता तोच तुमच्या डोक्यावर फांदीत बसून गातो. तिथं आपली बोट किनाऱ्याला लावूच देत नाहीत, बेटाची स्वतःची बोट येऊन माणसं नेते, कारण एक उंदीर जरी उतरला तरी जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी गेलीच.

पण अल्दाब्रा म्हणाल तर क्रूझला फारसा पर्याय नाही. माहेपासून अकराशे किलोमीटर, म्हणजे सोलापूर-मुंबई जाऊन येऊन परत मुंबई गाठण्याएवढं, आणि सगळं पाण्यातनं. तिथं धावपट्टीच नाही. १९६०च्या दशकात ब्रिटिशांना लष्करी विमानतळ करायचा होता, जगभरच्या शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला आणि १९६७ला तो बेत बारगळला, म्हणून आज तिथं लाखाच्या वर कासवं आहेत आणि माणसं म्हणाल तर रिसर्च स्टेशनवरची मूठभर. तुम्ही पक्ष्यांचे माणूस म्हणून सांगते, तिथं रेल जातीचा, म्हणजे पाणकोंबडीच्या कुळातला, एक न उडणारा पक्षी आहे, हिंदी महासागरात उरलेला शेवटचा, आणि इतका भोचक की सरळ येऊन बुटाच्या नाडीला चोच मारतो. मजा म्हणजे हे बेट पूर्वी पाण्याखाली गेलं तेव्हा तिथले न उडणारे रेल संपले होते, नंतर मादागास्करकडून परत उडत आले आणि परत उडणं सोडून बसले! आणि भरती. चार खिंडींतून समुद्र आतल्या लगूनमध्ये, म्हणजे बेटाच्या कड्यातल्या उथळ खाऱ्या तळ्यात, घुसतो तेव्हा मास्क लावून नुसतं तरंगायचं, पाणीच आत नेतं, खालून समुद्री कासवं, मासे, छोटे शार्क सगळे त्याच धारेत. ओहोटीला तेच लगून इतकं रिकामं होतं की छत्रीसारखे खडक उघडे पडतात.

आता वहिनींचं. ही क्रूझ म्हणजे कॅसिनो-स्विमिंग पूलवाली नव्हे. छोटं जहाज, आणि रोज रबरी बोटीत चढ-उतर. खलाशी हात देतो तेव्हा पंजा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. किनाऱ्याला बोटीच्या कडेवर बसून पाय बाहेर टाकायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. घरचा जिना कठड्याला न धरता चढता-उतरता येत असेल तर जमेल, नसेल तर आधी ऑर्थोपेडिकला विचारा, लाजू नका. अल्दाब्राची जमीन म्हणजे धारदार प्रवाळ-खडक, चप्पल-सँडल घालून जाऊच नका. बोट लागायची गोळी डॉक्टरला विचारून घ्या, पण हलायला लागायच्या आधी घ्यायची, उलटी झाल्यावर नाही. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा असतो, समुद्र खवळलेला, ते महिने टाळा. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरं. आणि इन्शुरन्समध्ये मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे आजारी पडल्यास तिथून दवाखान्यात हलवायचा खर्च, आहे का ते बुकिंगच्या आधी वाचा, नंतर नाही.

जेवणाचं बुकिंगलाच लिहून द्या, नुसतं व्हेज नको, अंडं-मासा नको असं लिहा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायचीच असेल तर माहेला कस्टमला सांगून न्या आणि जहाजावरच खा, बेटावर कणभरही नाही. बाहेरचं बी-किडा बेटावर जाऊ नये म्हणून उतरायच्या आधी बॅगा, खिसे, वेल्क्रो सगळं तपासतात. आमच्या जहाजावर एका साहेबांच्या सॉक्समधनं तपासणारी पोरगी चिमट्याने एकेक कुसळ काढत बसली होती, मागे आख्खी लाइन खोळंबलेली. तुमचे नान्नजला वापरलेले बूट तर कुसळांचं कोठारच असणार, तेव्हा नवेच घ्या.

माझं मत विचाराल तर वहिनींचे गुडघे डॉक्टरने पास केले तर जावा. नाही केले तर प्रास्लिनला मुक्काम टाकून क्युरिअस आणि कझिन करा, उरलेल्या पैशात चांगली लेन्स येईल.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, एवढं बजेट नाही. भारतात असं काही?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर: अंदमान गाठ. बॅरन आयलंडचा जिवंत ज्वालामुखी बोटीतून बघता येतो, उतरू देत नाहीत. नारकोंडम बेटावरचा धनेश पक्षी (हॉर्नबिल) जगात फक्त त्या एका बेटावर आहे, पण तिथं टुरिस्टना सोडत नाहीत, त्यामुळे कोणी एजंट नेतो म्हणाला तर पैसे देऊ नकोस. प्रवाळ बघायला वंडूरच्या मरीन नॅशनल पार्कमधल्या जॉली बॉय बेटावर जा, ते उन्हाळा संपेपर्यंतच उघडं असतं, पावसाळ्यात त्याला विश्रांती देऊन रेड स्किन बेट उघडतात. प्लास्टिकची बाटली चालत नाही, स्टीलची ने. आणि सोमवारी पार्क बंद, तेवढं बघून तिकीट काढ.