स्पॅनिशची 16 क्रेडिट आणि एका सत्राची बचत: शिकवणीचे 2,400 डॉलर भरावेत का?

आपले पत्र मिळाले. आपण मिलवॉकीजवळ राहता. आपली मुलगी येत्या सप्टेंबरात राज्यातील रहिवासी म्हणून मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला जात आहे. शाळेत तिने चार वर्षे स्पॅनिश घेतले आणि दर रविवारी ती मराठी शाळेतही जात असे. एका खासगी संस्थेने 2,400 डॉलरची शिकवणी देऊ केली आहे, ती घेऊन ‘क्लेप’च्या, म्हणजे वर्गात न बसता क्रेडिट (पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एकके) मिळवून देणाऱ्या, तीन परीक्षा दिल्या तर जवळजवळ एक वर्ष वाचेल असे त्या संस्थेचे म्हणणे आहे, आणि हे पैसे 529 खात्यातून (शिक्षणखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) भरावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही शिकवणी घेऊ नये. मात्र मुलीचे स्पॅनिश आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच मोलाचे आहे, आणि ते मोल पदरात पाडून घ्यायला वेगळा खर्च जवळजवळ येत नाही.

सर्वांत आधी फीचा हिशेब पाहावा लागेल, कारण सारा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. मॅडिसनमध्ये 12 ते 18 क्रेडिट घेणाऱ्या विद्यार्थ्याला एका सत्राची फी सारखीच पडते. त्यामुळे परीक्षेतून 6 किंवा 9 क्रेडिट मिळाली आणि मुलगी 16 ऐवजी 13 क्रेडिट घेऊ लागली, तर तिचा अभ्यासाचा भार हलका होईल, पण आपल्या खिशातून जाणारा एक डॉलरही वाचणार नाही. शेवटच्या सत्रात 12 पेक्षा कमी क्रेडिट उरली तर फी थोडी उतरते, तरी घरभाडे आणि जेवणखाण चालूच राहते. पूर्ण सत्र गळते तेव्हाच पैसा वाचतो. पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सत्रांत सरासरी 15. तेव्हा प्रत्येक पर्यायाबाबत एवढेच विचारायचे की त्याने आठाची सात सत्रे होतात का.

या कसोटीवर स्पॅनिश उतरते. या विद्यापीठात पूर्वी शिकलेल्या भाषेसाठी मागाहून क्रेडिट देण्याची जुनी पद्धत आहे. मुलीने प्रवेशाच्या वेळी स्थाननिश्चितीची चाचणी द्यायची, तिच्या पातळीला साजेशा वरच्या वर्गात बसायचे, आणि त्या वर्गात किमान ‘बी’ श्रेणी मिळाली की न घेतलेल्या खालच्या वर्गांची क्रेडिट, जास्तीत जास्त 16, तिच्या नावे जमा होतात. शाळेत चार वर्षे नीट शिकलेली मुलगी पाचव्या सत्राच्या वर्गात बसू शकली, तर पहिल्या चार सत्रांची प्रत्येकी 4 अशी पूर्ण 16 हाती येतात. तिसऱ्या सत्राच्या वर्गात बसली तर 8. आता 120 मधून 16 वजा करा: 104 उरतात, आणि ती सात सत्रांत प्रत्येकी 15 घेऊन पूर्ण होतात. ज्या वर्गामुळे हे घडते, तो 12 ते 18 च्या ठरलेल्या फीतच बसतो.

यात एक धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. मॅडिसनच्या श्रेणींमध्ये ‘बी’च्या खाली ‘बीसी’ येते, आणि ‘बीसी’ मिळाली तर त्या वर्गाची स्वतःची क्रेडिट मिळतात, पण मागची एकही मिळत नाही. म्हणून शाळेचे स्पॅनिश ताजे असतानाच, पहिल्याच सत्रात हा वर्ग घ्यावा आणि त्या सत्रात गणित व प्रोग्रामिंग यांच्या जोडीला आणखी अवघड विषय ठेवू नये.

‘क्लेप’ ही कॉलेज बोर्डाची परीक्षा आहे आणि ती वाईट मुळीच नाही. तिची फी 100 डॉलरच्या आसपास असते, आणि मॉडर्न स्टेट्स ही संस्था तयारीचे अभ्यासक्रम विनामूल्य देऊन परीक्षेच्या फीचे व्हाउचरही देते. मग 2,400 डॉलर कशाचे? स्पॅनिशच्या परीक्षेत 80 पैकी 50 गुणांना 6 आणि 63 गुणांना 9 क्रेडिट द्यावीत अशी शिफारस आहे, परंतु ती केवळ शिफारस आहे, आणि निर्णय प्रत्येक विद्यापीठ स्वतः घेते. शिवाय एकाच अभ्यासाची क्रेडिट दोनदा धरली जात नाहीत, त्यामुळे स्पॅनिशची ‘क्लेप’ देऊन मागाहूनच्या 16 मध्ये भर पडेल असे समजू नये.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने मुलासाठी परीक्षांमधून 24 क्रेडिट जमवली होती. ती सगळी ऐच्छिक विषयांत जिरली, आणि मुख्य विषयाची एकामागून एक येणारी साखळी आठ सत्रांची असल्याने मुलगा पूर्ण चार वर्षे शिकला. म्हणून मुलीच्या सल्लागाराकडून संगणकशास्त्र आणि गणिताच्या वर्गांचा सात सत्रांचा आराखडा आधी लिहून घ्यावा. तो बसत नसेल, तर 16 क्रेडिट असूनही पैसे वाचणार नाहीत.

आपण एका सत्राचा खर्च राहण्या-खाण्यासह 14,000 डॉलर धरला आहे. तो सगळाच वाचेल असे मात्र नाही. मॅडिसनमधील विद्यार्थ्यांच्या घरांचे करार साधारणपणे ऑगस्टच्या मध्यापासून वर्षभराचे असतात; डिसेंबरात पदवी घेतलेल्या मुलीच्या डोक्यावर पुढच्या ऑगस्टपर्यंतचे भाडे राहते. शेवटच्या वर्षाचा करार करताना पोटभाडेकरू ठेवण्याची अट वाचूनच सही करावी. शिष्यवृत्ती आठ सत्रांची असेल, तर न वापरलेल्या सत्राची रक्कम रोख मिळत नाही, हेही वजा करा.

एक सत्र कमी झाल्याने करसवलत बुडेल अशी काळजी आपण व्यक्त केली आहे, ती सोडून द्यावी. महाविद्यालयाच्या खर्चावर करात मिळणारी 2,500 डॉलरपर्यंतची अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी सवलत चार करवर्षे मिळते, आणि सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपणारी साडेतीन वर्षे चार करवर्षांतच पडतात. पती-पत्नींच्या एकत्रित विवरणात उत्पन्न 1,60,000 डॉलरच्या वर गेले की ती कमी होऊ लागते आणि 1,80,000 ला संपते.

529 खात्याबाबत बोलायचे तर, विद्यापीठाबाहेरच्या अशा शिकवणीला पात्र खर्च ठरवणे अवघड आहे, आणि ती अपात्र ठरली तर काढलेल्या रकमेतील नफ्याच्या भागावर प्राप्तिकर आणि वर 10 टक्के दंड बसेल. सत्र वाचून खात्यात पैसे उरले तर ते धाकट्या मुलाच्या नावे वळवता येतील. किंवा खाते 15 वर्षांहून जुने असेल तर वार्षिक मर्यादेत, आयुष्यभरात एकूण 35,000 डॉलरपर्यंत, मुलीच्याच रॉथ खात्यात (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात) नेता येतील.

मराठीबद्दल मला स्पष्ट लिहायला हवे. ‘क्लेप’मध्ये भाषा तीनच आहेत, स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन; ‘एपी’मध्येही, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षांमध्येही, मराठी नाही. शेजारच्या मिनेसोटात शाळेने दिलेल्या द्विभाषिकतेच्या मानचिन्हावर (दोन भाषा येत असल्याच्या प्रमाणपत्रावर) सरकारी महाविद्यालयांत क्रेडिट मिळू शकतात, पण आपली मुलगी विस्कॉन्सिनमध्ये शिकणार आहे, तेव्हा मराठीची क्रेडिट या हिशेबात धरू नयेत. रविवारची शाळा आपण त्यासाठी चालू ठेवली नव्हती, आणि धाकट्याचीही याच कारणाने बंद करू नये.

शिकवणीच्या संस्थेला नकार कळवण्याची घाई नाही; घाई स्थाननिश्चितीच्या चाचणीची आहे. वर्गनोंदणीच्या आधी तिचा निकाल हाती हवा, म्हणून तिची तारीख याच आठवड्यात घ्यावी आणि तोवर मुलीने शाळेची जुनी वही काढून क्रियापदांची रूपे पुन्हा लिहायला बसावे.