आरसाच अणूंचा बनलेला असताना लायगो प्रोटॉनपेक्षा लहान अंतर कसं काय मोजतं? की नुसतंच कॉम्प्युटरचं गणित आहे?

शंका अगदी रास्त आहे, आणि बातम्यांमध्ये हे इतकं उडवून सांगतात की कुणालाही थाप वाटावी. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-आकसवणाऱ्या लहरी, पकडणारं अमेरिकेतलं यंत्र. थोडक्यात उत्तर: मोजतात, खरंच मोजतात, पण एका अणूची जागा मोजत नाहीत.

लेसरचा ठिपका आरशावर पडतो तो काही सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे एकाच वेळी असंख्य अणूंवर. प्रत्येक अणू आपापला थरथरतोय, पण प्रकाशाला दिसते ती सगळ्यांची सरासरी. मैदानात लाखभर लोक चुळबुळ करत उभे असले तरी गर्दीचा मध्यबिंदू काही हलत नाही ना, तसंच. शिवाय अणूंची ही थरथर बरीचशी फारच वरच्या फ्रीक्वेन्सीला असते आणि लायगो ऐकतं साधारण 10 ते काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. सगळी जात नाही हं, आरशावरच्या कोटिंगची थरथर आजही त्या लोकांची डोकेदुखी आहे.

बाकी यंत्र म्हणजे काटकोनात 4 किलोमीटरच्या दोन नळ्या, आत जवळजवळ पूर्ण निर्वात, टोकाला 40 किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले. लेसर दोन्हीकडे जातो, आत शेकडो वेळा ये-जा करतो आणि परत येऊन एकमेकांना जवळपास खोडून टाकतो. एका नळीची लांबी जराशी बदलली की खोडणं बिघडतं आणि बाहेर पडणारा उजेड कमीजास्त होतो. मोजतात तो हा उजेड, पट्टी लावून अंतर नाही.

आता 'कॉम्प्युटरचं गणित'. 14 सप्टेंबर 2015 चा पहिला सिग्नल लायगोची अशी दोन यंत्रं जिथे आहेत त्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या एकमेकांपासून 3000 किलोमीटर लांब असलेल्या दोन्ही ठिकाणी मिळाला, सुमारे 7 मिलिसेकंदांच्या फरकाने, आणि आकार तोच. प्रकाशाला तेवढं अंतर कापायला 10 मिलिसेकंद लागतात आणि या लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणजे फरक 10 च्या आतच हवा, तो बरोबर बसतो. एका ठिकाणी ट्रक गेला, जमीन हलली तर दुसऱ्या ठिकाणी तस्साच आकार कशाला उमटेल? आणि गंमत म्हणजे तो आधी पकडला तो आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधीच काढलेले लहरींचे साचे वापरणाऱ्या प्रोग्रॅमने नाहीच, तर 'दोन्हीकडे एकदम काहीतरी झालं का' एवढंच बघणाऱ्या प्रोग्रॅमने. साचे नंतर लावले, तेव्हा कळलं की सूर्याच्या साधारण 36 आणि 29 पट वजनाची कृष्णविवरं एकत्र आली होती.

मला स्वतःला सगळ्यात पटलं ते 2010 चं प्रकरण. मोजक्या लोकांनी गुपचूप यंत्रात खोटा सिग्नल घातला, बाकीच्यांना पत्ता नाही, त्यांनी महिनोन्‌महिने तपासून पेपरसुद्धा लिहून काढला आणि 2011 च्या मार्चमध्ये खरं काय ते सांगणारं बंद पाकीट उघडल्यावर समजलं की ही परीक्षा होती!! म्हणून 2015 मध्येही अनेकांना आधी हेच वाटलं, मग तशी चाचणी चालू नव्हती याची खात्री करून घेतली आणि जाहीर केलं ते थेट 11 फेब्रुवारी 2016 ला.

तरी शंका उरत असेल तर 17 ऑगस्ट 2017 बघा. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गाभे) धडकेच्या लहरी आल्या आणि 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला, नंतर दुर्बिणींनी तो उजेड एनजीसी 4993 या दीर्घिकेत शोधून काढला. फर्मीचा लायगोच्या आरशांशी काडीचा संबंध नाही.

आणि हो, लायगोचा डेटा खुला आहे. थोडंफार पायथन येत असेल तर 2015 चा तो तुकडा उतरवून घ्या, खालच्या-वरच्या फ्रीक्वेन्सी कापा, दोन्ही ठिकाणचे आलेख 7 मिलिसेकंद सरकवून एकावर एक ठेवा. एकाची उलटापालट करावी लागते, कारण दोन्ही यंत्रांची दिशा वेगळी आहे, ते विसरू नका.