बियाण्याचं वर्ष

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रान पुन्हा उभं करायला सरकारकडे पैसे मागणारा तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. मन लावून लिहिला आहेस. पण 25 हजार रोपांचा आकडा पहिल्याच ओळीत, आणि बियाणं शोधत मला सातव्या पानापर्यंत जावं लागलं. तिथेही ‘बियाणे व इतर’ एवढंच. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

सरकारी पैसा रोपं मोजतो. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडं लावायचं ठरवलं, तेव्हा जो तो ‘रोपं किती?’ एवढंच विचारत होता. ती कुठल्या रानातल्या, कुठल्या झाडाच्या बियांची, हे विचारणारं मला क्वचितच कोणी भेटलं. अशा घाईत जे पटकन येतं ते लागतं: उंदीरमारी, सुबाभूळ. हिरडा, ऐन, धावडा मागे राहतात. ते कोणाला नको असतात असं नाही, त्यांचं बी वेळेवर कोणी वेचलेलं नसतं.

धावड्याचं माझं स्वतःचं सांगतो. एका प्रस्तावात मी त्याची पाच हजार रोपं लिहून दिली. मंजुरी आली, पहिला हप्ता आला, गादीवाफे झाले. बी भरपूर पेरलं, आणि वाफे तसेच उघडे राहिले. धावड्याची बहुतेक फळं पोकळ असतात, आत बीच नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. पेरण्याआधी मूठभर फळं कापून बघितली असती तरी कळलं असतं. तोवर मार्च आला होता, खर्च दाखवायचा होता, आणि आकडा दुसऱ्याच रोपांनी भरला गेला. कागदावर काम पूर्ण झालं. त्या उतारावर धावडा आजही नाही, आणि तिकडून जाताना अजून वाईट वाटतं.

सरकारचं वर्ष 31 मार्चला संपतं. रानाचं तसं नाही. खैराच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात, ऐनाची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी, पळसपापडी मे महिन्यात. जांभूळ आणि मोह पावसाच्या सुमारास पिकतात आणि त्यांचं बी साठवता येत नाही. टोळंबी, म्हणजे मोहाचं बी, घरात पडून राहिली की गेलीच, ती ताजी असतानाच पेरायची. बहाव्याचं उलट. त्याचं बी वर्षानुवर्षं टिकतं, पण गरम पाण्यात भिजवून कवच मऊ केल्याशिवाय सहसा रुजत नाही. आता सांग, मे-जूनमध्ये हातात पैसे आले आणि त्याच पावसाळ्यात लागवड दाखवायची असेल, तर यातलं काय जमेल?

म्हणून पैसे मागतानाच पहिलं अख्खं वर्ष बियाण्यासाठी माग. झाडं हेरणं, त्यांवर खुणा करणं, वेचणी, सुकवणं, उगवण चाचणी. रोपवाटिका दुसऱ्या वर्षी, जांभूळ-मोहाचं बी मात्र तेव्हाच ताजं वेचून पेरायचं. लागवड तिसऱ्या पावसाळ्यात. वेचणाऱ्या बायकांचा रोज वेगळ्या ओळीत लिही. कुठलं झाड कधी फळतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि अंदाजपत्रकात हीच माणसं हमखास विसरली जातात. पहिल्या वर्षी दाखवायला काय, असं कोणी विचारलं तर उगवण चाचणीची वही समोर ठेव.

हे दुखणं आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेच्या पश्चिमेला ग्रेट बेसिनमध्ये चीटग्रास हे बाहेरून आलेलं गवत माजलं, वणवे वाढले. आग लागून गेली की सरकार बियाणं विकत घ्यायला धावणार, एरवी मागणी मंद. अशा बाजारावर देशी गवतांचं बी पिकवणाऱ्याने विसंबायचं कसं? तिथे 2015 मध्ये राष्ट्रीय बियाणं धोरण आलं, 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात या कामासाठी 20 कोटी डॉलर ठेवले गेले. तरीही 2023 मध्ये त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने पुरवठा कमी पडतोय, खरेदी आधीपासून ठरवून करा, असंच सांगितलं. रानातलं देशी बी गोळा करणाऱ्या त्यांच्या ‘सीड्स ऑफ सक्सेस’ कार्यक्रमाचा एक नियम मात्र जसाच्या तसा घे: बी किमान 50 झाडांवरून घ्यायचं, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. बाकीचं पाखरांचं आणि रानाचं.

पैसा नाही असं समजू नकोस. धरणं, खाणी, रस्त्यांसाठी वनजमीन गेली की भरपाईची रक्कम कॅम्पा निधीत, म्हणजे बदली जंगल उभारण्याच्या सरकारी निधीत, जमा होते. या निधीच्या 2016 च्या कायद्यानंतर, ऑगस्ट 2019 मध्ये, महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले 3,800 कोटींहून जास्त आले. हा पैसा वनखात्याच्या वार्षिक आराखड्यातून खर्च होतो. म्हणून आराखडा बनण्याआधीच वनक्षेत्रपालांना जाऊन भेट. 2022 मध्ये राज्याने महाराष्ट्र जनुक कोशासाठी, म्हणजे इथली जैवविविधता जपण्याच्या प्रकल्पासाठी, पाच वर्षांचे 172 कोटी मंजूर केले, त्यात स्थानिक बियाण्यांबरोबर गवताळ आणि झुडपी माळरानंही आहेत. आणि तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखण्याचा-वापरण्याचा हक्क, मिळालाय, तेव्हा वेचणीचा ठराव ग्रामसभेत आधी घे.

माळावरून आठवलं. तुझ्या नकाशातली निम्मी जमीन माळ आहे आणि तिथेही तू खड्डे दाखवले आहेस. ते काढून टाक, ही माझी कळकळीची विनंती समज. ते ओसाड नाही. तिथे पवना, डोंगरी, मारवेल ही गवतं होती, थोडी अजूनही बांधाच्या कडेला असतील. चराई दोन वर्षं थांबव आणि गवताचं बी वेच. ते लगेच नीट उगवत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवावं लागतं. शेण-मातीच्या गोळ्या करून फोकलंस तर वाऱ्यावर उडून जाणार नाही.

सध्या आमच्या टेकडीवर कुसळी पिकायला आली आहे. दिवाळीच्या आधी एक रविवार काढून ये, वेचणाऱ्या दोघीतिघींना बरोबर आण. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यात ओलं बी कुजतं. जुन्या साड्यांच्या शिवून आणा. आणि ते सातवं पान घेऊन ये, आपण बसून पुन्हा लिहू.

तुझा,
काका