एकोणिसाव्या वर्षी गर्भारपण: बाळ अशक्तच होईल का?

“सूनबाई एकोणीस वर्षांची आहे, पाचवा महिना लागला. एवढ्या कोवळ्या वयातले मूल अशक्त निपजते म्हणतात, ते खरे का हो?” इंदूरच्या रामबागेतील एका सासूबाईंनी हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही भीती निराधार नाही. विशीच्या आतील मातांमध्ये ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचा आणि बाळाचे वजन अडीच किलोंपेक्षा कमी भरण्याचा धोका अधिक असतो. मात्र वयाला आता इलाज नव्हता. त्याच्या जोडीने येणारा रक्तक्षय, अपुरा आहार आणि तपासणीतील दिरंगाई यांना होता, आणि घरोघरी चर्चा होते ती नेमकी वयाचीच.

सासूबाईंना बाहेर बसण्याची विनंती करून मी मुलीशी एकटीशी बोलले, तेव्हा कळले की बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल या समजुतीने तिला रात्री अर्धपोटीच ठेवले जात होते, लोहाच्या गोळ्यांनी मळमळते आणि शौचाला काळे होते म्हणून त्या बंद झाल्या होत्या, आणि लोक वय विचारतील या संकोचाने तिने नाव नोंदवले होते तेही चौथा महिना सरल्यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या, हे सांगितल्यावर ती प्रथमच मोकळेपणाने बोलू लागली. हिमोग्लोबिन ८.६ होते, गरोदरपणात ते किमान ११ असावे लागते.

डॉक्टरांनी लोहाच्या रोज दोन गोळ्या दिल्या. शौचाचा काळा रंग लोहामुळेच येतो व तो निरुपद्रवी असतो, गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, हे मी सासूबाईंनाच समजावले, कारण स्वयंपाकघर त्यांच्या हाती होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून होणाऱ्या मोफत तपासणीला सुनेला नेण्याचे कामही त्यांनी आपल्याकडे घेतले.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन २ किलो ३०० ग्रॅम. वजन कमीच होते, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु पहिल्या तासातच अंगावर पाजणे, उघड्या छातीशी धरून ऊब देणे आणि गुटी पूर्णपणे टाळणे यांमुळे बाळाचे वजन नीट वाढू लागले. पुढच्या भेटीला मी सुनेच्या नवऱ्यालाही बोलावले, कारण पुन्हा दिवस राहण्यापूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत हे सांगायचे होते, आणि ते ऐकायला आजवर तो एकदाही आला नव्हता.