मूठभर नॉर्मन आणि अख्खे इंग्लंड

प्रश्न : फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचे राज्य घेतले, हे शाळेत शिकलो होतो. परंतु एका दिवसाची लढाई जिंकणे वेगळे आणि परकी भाषा बोलणाऱ्या थोड्या लोकांनी अख्खा देश ताब्यात ठेवणे वेगळे. त्याला हे कसे साधले? त्यामागे केवळ दहशत होती का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दहशत होती आणि ती भयानक होती, पण केवळ तिच्या बळावर हे राज्य टिकले नसते. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड रणांगणावर पडला, तेव्हा विल्यमजवळ साधारण ७,००० माणसे असावीत, आणि देशाची लोकसंख्या १५ ते २० लाखांच्या घरात होती. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा राज्याभिषेक चालू असताना आतल्या लोकांनी नव्या राजाचा जयघोष केला. तो परक्या भाषेतला गलका ऐकून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना दगाफटका झाल्यासारखे वाटले आणि त्यांनी आजूबाजूच्या घरांना आगी लावल्या. जयजयकारालाही घाबरणाऱ्या अशा माणसांच्या जिवावर पुढचा कारभार करायचा होता.

पहिला उपाय किल्ल्यांचा. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कातळ आणि तटबंदी येते, पण हे किल्ले मातीचे आणि लाकडाचे होते. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा उंच ढीग रचून त्यावर लाकडी मनोरा उभारायचा आणि पायथ्याच्या आवाराला मेढेकोट घालायचा, एवढेच त्याचे तंत्र. म्हणून तो झटपट उभा राही आणि थोडी शिबंदी त्यात सुरक्षित राही. बायो टॅपिस्ट्री या नावाने प्रसिद्ध असलेल्या भरतकामात हेस्टिंग्जचा असा ढीग रचला जाताना दिसतो, आणि त्यातले दोन मजूर हातातल्या फावड्यांनी एकमेकांवरच धावून गेलेले आहेत. किल्ले मुद्दाम शहरांच्या आत घुसवले जात. लिंकनमध्ये त्यासाठी १६६ घरे गेली, नॉरिचमध्ये ९८. आपल्याच गल्लीतली घरे पाडून रचलेला तो ढिगारा रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाला सत्ता कोणाची, हे वेगळे सांगावे लागत नसणार.

तरीही बंडे झाली. यॉर्कमध्ये १०६८ साली एक आणि १०६९ च्या आरंभी दुसरा असे दोन किल्ले बांधूनही त्याच वर्षी डेन्मार्कचे आरमार आणि स्थानिक बंडखोर यांनी मिळून तिथली शिबंदी कापून काढली. त्यावर विल्यमने १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तरेचा प्रदेश बेचिराख केला. धान्य, गुरे, अवजारे सारे जाळले, म्हणजे लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांच्याही तोंडचा घास काढून घेतला. ऑर्डेरिक व्हिटालिस हा इंग्रज आईच्या पोटी जन्मलेला इतिहासकार अर्धशतकानंतर लिहिताना भुकेने मेलेल्यांचा आकडा १ लाखाहून अधिक देतो. हा आकडा शब्दशः घेता येत नाही. मात्र एरवी विल्यमची स्तुती करणारा हा लेखक या कृत्याची स्तुती मी करू शकत नाही, असे स्पष्ट म्हणतो, त्याचे मोल आकड्याहून मोठे आहे. १०८६ च्या जमीन-पाहणीतही (तिच्याविषयी पुढे येईल) यॉर्कशरच्या गावांपुढे ‘ओसाड’ या अर्थाचा लॅटिन शब्द पुन्हा पुन्हा येतो.

माझ्या मते मात्र विल्यमचे खरे कसब कारभारात दिसते. आपण राज्य जिंकले असे न म्हणता, हॅरॉल्डच्या आधीच्या, निपुत्रिक वारलेल्या राजा एडवर्डचे आपणच रीतसर वारस आहोत, अशी त्याची भूमिका होती; त्यामुळे एडवर्डच्या वेळची घडी मोडण्याचे त्याला कारणच नव्हते. परगण्यांची न्यायसभा, जमिनीवरचा ‘गेल्ड’ हा कर, टाकसाळी आणि परगण्यातला राजाचा अधिकारी शेरीफ हे सारे तसेच राहिले. (मुंबईच्या नगरपालाला इंग्रजीत शेरीफ म्हणतात, तोच हा शब्द.) बदलली ती खुर्चीतली माणसे. १०८४ मध्ये दर ‘हाइड’ (कर आकारणीचे जमिनीचे माप) जमिनीमागे ६ शिलिंग असा जबर कर त्याला बसवता आला, कारण वसुलीची वाट इंग्रज राजांनीच घालून ठेवलेली होती.

जमिनीचे हस्तांतरही याच भूमिकेच्या आडून झाले. आधी हेस्टिंग्जला पडलेल्यांच्या आणि मग प्रत्येक बंडानंतर बंडखोरांच्या जमिनी जप्त झाल्या, आणि बहुधा अमुक इंग्रज जमीनदाराच्या जागी अमुक नॉर्मन, अशा रीतीने त्या दिल्या गेल्या. बदल्यात ठरलेले स्वार राजाच्या चाकरीला द्यायचे. वेल्सच्या सीमेवरचे सरदार सोडले तर बड्या सरदारांच्या जमिनी बहुधा निरनिराळ्या परगण्यांत विखुरलेल्या होत्या, म्हणजे एकाच ठिकाणी ताकद जमवणे त्यांना अवघड होते. वीस वर्षांनी पाहावे तो थेट राजाकडून मोठी जमीन धारण करणारे इंग्रज दोनच उरले होते, आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्स्वेन. चर्चमध्येही तेच झाले. १०७० मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदावरून स्टिगंडला काढून इटलीत जन्मलेल्या लॅनफ्रँकला बसवले, आणि विल्यमच्या अखेरीस वुस्टरचा वुल्फस्टन हा एकटाच इंग्रज बिशप राहिला.

१०७५ मध्ये त्याच्या विरोधात उठलेल्या तीन अर्लांपैकी (बड्या सरदारांपैकी) मात्र एकटा वॉल्थिऑफ इंग्रज होता. म्हणजे धोका आता त्याच्याच माणसांकडून होता. १०८५ मध्ये डेन्मार्कच्या स्वारीची हूल उठली, आणि त्या नाताळात ग्लॉस्टर येथे विल्यमने देशाची पाहणी करण्याचा हुकूम दिला. तेच डूम्सडे बुक. जमीन एडवर्डच्या वेळी कोणाची होती, आता कोणाची आहे, नांगर किती, गिरण्या किती, मोल काय, असे प्रश्न गावोगावी शपथेवर विचारले गेले. एक बैल किंवा एक डुक्करसुद्धा नोंदीतून सुटले नाही, अशी तक्रार इंग्रज बखरकार करतो. हॅरॉल्डचे नऊ महिन्यांचे राज्य या दप्तराच्या हिशेबात जवळजवळ नाहीच. १ ऑगस्ट १०८६ रोजी सॉल्झबरी येथे विल्यमने देशातल्या वजनदार जमीनधारकांना, मग ते कोणाचेही चाकर असोत, एकत्र बोलावले आणि आपल्या धन्याच्या आधी राजाशी इमान राखण्याची शपथ त्यांच्याकडून घेतली.